जाताना न्हाय, येतानाच बसते

मंगळवार, ३ फेब्रुवारी

न्हाय, बंद न्हाय पडली. बसली! भर रस्त्यात म्हैस बसते तशी. आधी दोन आचके, मंग खोकला, मंग अंगभर थरथर, आन् मंग गप. कालपास्नं हेच आठ जणांना सांगून झालं. वही, तू नववी.

जो तो विचारतो, गाडी बंद पडली काय? बंद पडली म्हणजे दोर बांधून ओढून आणली. ही अर्ध्या तासानं आपली आपण उठली आन् घरी आली. एवढा फरक माझ्यासारख्या सातवी पास बाईला कळतो, पण कॉलेजात गेलेल्या माझ्या कुणालला कळत न्हाय.

गाडीचं वय सोळा. पिकअप हाय, पण आमच्या ह्यांनी आणली त्या दिवसापास्नं तिला घरात "ती" बोलतात. "ती" न्हाली काय, "तिनं" डिझेल पिलं काय. मी लग्न करून आले तवा माझी एवढी चौकशी कोणी केली नव्हती. हे जाऊन चार वर्षं झाली. ती हाय.

तिच्यावरच आमचा धंदा. सकाळी मी आन् सून रुचिका नव्वद माणसांचं जेवण रांधतो. अकराला टोप चढवायचे, खारबाववरनं निघायचं, राहनाळच्या गोडावनात वाढायचं, तिथनं मानकोलीच्या गोडावनात वाढायचं, आन् रिकामे टोप घेऊन घरी. वाढायला मी जाते. मोरूच्या हातात पळी दिली तर पहिल्या दहा जणांना डोंगर आन् शेवटच्यांना खड्डा.

मोरू म्हणजे डायवर. ह्यांच्या वेळेपास्नं, अकरा वर्षं. आतल्या पाड्यावरचा. बायको कधीच गेली, पोरगी सुकन्या लग्न होऊन शहापूरला. डोकं कापूस आन् मिशी कोळसा! मिशीला रंग लावतो. मी विचारलं, डोक्यापर्यंत बाटली पुरत न्हाय काय? तर बोलतो, "वयनी, डोक्यावर टोपी असते. मिशीला टोपी कुठं घालू?"

बुधवार, ४ फेब्रुवारी

गाडी इद्रीसभाईच्या गॅरेजात नेली. हा इद्रीस वीस वर्षं भिवंडीत. मराठी बोलायला लागला की मधेच हिंदीत घसरतो, आन् हिंदी बोलताना त्याला आगरी शिव्या आठवतात.

चालू करून कान लावलान. उभ्या उभ्या गाडी थडथड थडथड करत व्हती, टपावरचा पाण्याचा जार नाचत व्हता. डोळे मिटून बोलला, मिसिंग करतेय.

मी बोलले, मिसिंग म्हणजे हरवली ना? पोलीस ठाण्याच्या भिंतीवर फोटो लावतात ते? ही तर तुझ्यासमोर उभी हाय.

हसला न्हाय. मिस्तरी लोकांना हसायला येत न्हाय, त्यांच्या बिलावर परिणाम होतो. मंग समजावलान की चार भांडी हायत इंजनात, चारांनी एका तालात काम करायचं, एखादं मधेच काम चुकवतं त्याला मिसिंग बोलतात. मी बोलले मंग नणंद बोल ना सरळ.

मोरू तोंड फिरवून हसत व्हता. मिशी हलली की कळतं.

डिझेलचा फिल्टर बदललान. पाइपातनं हवा काढलान. आता पळेल बोलला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पळाली. खाडीच्या मोरीपर्यंत, त्या कठड्याच्या लहान पुलापर्यंत. मंग बसली.

परत तेच. आचके, खोकला, गप. येतानाच. जाताना काही न्हाय, येताना घर दोन मैलांवर आलं की हिला थकवा येतो. मी मोरूला बोलले, ही तुझ्यावर गेलीय.

घरी आल्यावर कुणालनं पहिलं काय केलान, तर टाकीचं झाकण उघडून आत काठी घालून बघितलान. डिझेल किती हाय! गाडी का बसली ते नंतर. हे झाकण पण त्याचंच खूळ. गोडावनाच्या लायनीत रातच्याला डिझेल चोरतात, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. आमची गाडी रातच्याला आमच्या अंगणात असते. तरी गेल्या महिन्याच्या शेवटाला बाजारातनं कुलूपवालं झाकण आणून बसवलान. दोन किल्ल्या. एक त्याच्या बाइकच्या चाव्यांत, दुसरी माझ्या बटव्यात. बोलला, आई, मोरूकाकाकडं देऊ नको.

मोरू बाजूलाच टायरात हवा बघत व्हता. मला बोलला, "वयनी, टाकीत सोनं ठेवलंय काय?"

मी बोलले, तुझ्यापास्नं लपवायचं असतं तर साबण ठेवला असता.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बसली. मोरीवर. बोंबलाचं कालवण उरलं व्हतं, ते भाकरीबरोबर संपवलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज गोडावन बंद. घरात डॉक्टरांची सभा!

रुचिकानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कुठल्या तरी गोऱ्या माणसाचा, हातात पांढरे हातमोजे, गॅरेज आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. तो काय बोलला ते रुचिकानं आम्हाला सांगितलं की इंजन खडखड करत असेल तर ठिणगीचे प्लग बदला. कुणाल लगेच इद्रीसला फोन करून रुबाबात बोलला, प्लग बदलून टाक. तिकडनं इद्रीस येवढा हसला की फोन कानाला लावायची गरज न्हाय पडली. डिझेलच्या गाडीत ठिणगीचा प्लग नसतोच! तो पेट्रोलवाल्यांना. रुचिकानं मोबाइल उलटा ठेवला आन् लसूण सोलायला घेतला. बिचारी. कुणालपेक्षा तरी तिनं काही शोधलं.

मंग शेजारची गुणाबाई आली. तिला कोणी बोलवावं लागत न्हाय, भांडण आन् आजार वासानं कळतो. तिचं निदान सगळ्यात सोपं. गाडी मोरीवरच बसते ना? बाळारामदादा तिथंच थांबायचा ना? मंग झालं. आत्मा अडकलाय.

मी बोलले गुणे, आमचे हे तिथं थांबायचे कारण पलीकडं ताडीवाला बसायचा. तो उठून पाच वर्षं झाली. कोरड्या जागेवर आमच्या ह्यांचा आत्मा पाच मिनिटं थांबणार न्हाय.

तरी जाताना लिंबू-मिरची बांधून गेली. एकाच्या जागी तीन लिंबं. इद्रीसपेक्षा स्वस्त.

मंगळवार, १० फेब्रुवारी

इद्रीसनं नोझल काढलान, धुतलान, परत लावलान. नोझल म्हणजे इंजनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. मंग मोरूला बाजूला बसवून स्वतः चालवून बघितलान. नाक्यापर्यंत जाऊन परत. दहा मिनिटं. एकदम मक्खन, बोलला.

दहा मिनिटं तर मी पण मक्खन असते. पाऊण तास चालवून बघ ना मेल्या! ती येतानाच बसते हे मी त्याला तीनदा सांगितलं. बोलतो, भाभी, इंजिन को क्या पता जा रहे हैं या आ रहे हैं.

हे मात्र बरोबर बोलला. मला पटलं. आन् पटलं म्हणून राग आला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मक्खन मोरीवर वितळलं. पावणेतीन वाजता.

मोरूनं बॉनेट उघडलान, बंद केलान. आता तो बघण्यासाठी उघडत न्हाय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून उघडतो. मंग कठड्यावर बसलो. पलीकडच्या शेतात हरभरा व्हता, शेतवाला मोरूच्या ओळखीचा, दोन डहाळे उपटून आणलान. सोलत बसलो.

मी बोलले, अकरा वर्षं गाडी चालवतोस, काही कळत न्हाय तुला तिच्यातलं? तर बोलतो, कळतं, पण मालकाच्या पोराला जास्त कळतं, तर आपण गप बसावं.

मंग मानकोलीच्या गोडावनाच्या सुपरवायझरची नक्कल केलान. तो पोरगा चश्मा नाकावर ओढून रोज विचारतो, मावशी, गेटपास? आधार? आज डाळ कुठल्या कॅटेगरीत टाकू? मोरूनं हरभऱ्याच्या डहाळ्याचं पेन केलान आन् हुबेहूब तसा आवाज काढलान. मी येवढी हसले की एक सायकलवाला थांबून विचारायला लागला, बाईला काय झालं.

अकरा वर्षं हा माणूस माझ्या बाजूला बसून गाडी चालवतो. नकला करतो हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांच्यासमोर तो फक्त हो आन् न्हाय बोलायचा.

हरभरा कोवळा व्हता. बोटं खारट झाली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बसली. आज गोडावनाच्या मॅनेजरची नक्कल. तो तर हुबेहूब बगळा!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज अंगणात तमाशा.

आम्ही आलो तवा साडेचार झालेले. कुणाल ड्युटीवरनं लवकर आलेला, हातात काठी. टाकीत घालून बघितलान, बोटानं मापलान, आन् टोप उतरवणाऱ्या मोरूला सगळ्यांसमोर विचारलान, "काका, डिझेल कोणाला देता?"

मोरूला आधी कळलंच न्हाय. बोलला, कुठलं डिझेल?

मंग कुणालनं वकिलासारखं मांडलान. गाडी जाताना थांबत न्हाय. येतानाच थांबते. थांबते ती कुठं, तर खाडीच्या मोरीवर, जिथं चिटपाखरू न्हाय. इद्रीसच्या हातात थांबत न्हाय, तुमच्या हातात थांबते. आन् अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. आईला कठड्यावर बसवायचं, खालनं पाइप सोडवायचा, पाच लिटर काढायचे, पाइप जोडायचा, हवा पकडली म्हणून सांगायचं. झाकणाला कुलूप हाय म्हणून खालनं!

ऐकायला एकदम खरं वाटत व्हतं. तीच तर गंमत, खोटं असलं की कसं सगळं जागच्या जागी बसतं.

रुचिका दारात. गुणाबाई कुंपणावर. मोरूच्या हातात भाताचा टोप. तो कुणालकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत व्हता.

आन् मी काय बोलले? मी बोलले, अरे, मोरू डिझेल विकत असता तर मिशीला जरा बरा रंग नसता लावला काय?

सगळे हसले. गुणाबाई तर कुंपण धरून हसली. मोरू पण हसला, उशिरा. टोप आत ठेवलान, कपडा झटकलान, गेला.

कुणालनं मला रातच्याला सांगितलान की त्यानं नवीन डायवर बघितलाय, आन् ह्या गाडीला गिऱ्हाईक पण. बावीस तारखेला रविवार. तोपर्यंत गाडी सुधारली तर ठीक. न्हायतर गाडी पण जाईल आन् काका पण. आन् नाक्यावर डायवर लोकांना सांगून ठेवीन, बोलला, ह्या माणसाला कोणी गाडी देऊ नका.

हे जास्त झालं. साठीला आलेला माणूस. चोर म्हणून नाक्यावर नाव गेलं तर हातगाडी पण कोणी देणार न्हाय त्याला.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कुणालच्या पोरीनं, माझ्या नातीनं, सांगितलं, आज गुलाब द्यायचा दिवस. गाडी बसली. मोरू केबिनमधेच बसून राह्यला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज अंजूरफाट्याला ट्रॅफिक लागला, एक तास मुंगीसारखे सरकत व्हतो, आन् ती मोरीपर्यंत पोचलीच न्हाय. फाट्यावरच बसली! मागं दोन कंटेनर, एक लक्झरी, आन् पन्नास रिक्षावाले. एवढे हॉर्न आमच्या लग्नाला पण नव्हते वाजले.

ट्रॅफिकवाला आला. मोरूला बोलला, म्हाताऱ्या, ही गाडी भंगारात दे. मी खिडकीतनं डोकं काढलं आन् बोलले, साहेब, तुमच्या पोटापेक्षा तरुण हाय ती. चलान फाडत व्हता, फाडता फाडता थांबला आन् ढकलायला माणसं बोलावलान.

एरवी मोरू ह्याच्यावर दोन दिवस हसला असता. आज काहीच न्हाय. पुढं बघून बसलेला.

मी कुणालला रातच्याला सांगितलं, बघ, आज तर भर फाट्यावर बसली, पोलिसासमोर. तिथं कोण डिझेल विकणार? तर बोलतो, पाइप रोज खोलून खोलून ढिला झाला असेल. ह्या पोराला कोर्टात घालायला पाह्यजे व्हता. ज्याच्या बाजूनं उभा राहील तो जिंकला असता, बाजू कुठली का असेना.

बुधवार, १८ फेब्रुवारी

इद्रीस बोलतो, आता पंप उतरवावा लागेल. इंजनाला डिझेल पोचवतो तो पंप. आठ दिवस गाडी गॅरेजात.

मी बोलले, फिल्टर झाला, नोझल झाली, पंप झाला की मंग काय उतरवशील, छप्पर?

तर डोकं खाजवत बोलला, भाभी, इसको डिझेल पहुँचता नहीं है. सब सही है, पर पहुँचता नहीं है. टाकीत हाय, पाइप मोकळा, तरी इंजन उपाशी. मेरे को समझ में नहीं आता.

वीस वर्षांत पहिल्यांदा ह्याच्या तोंडातनं "समजत न्हाय" ऐकलं. माणूस एकदम बरा वाटायला लागला.

पंप उतरवू दिला न्हाय. रविवारनंतर बघू, बोलले.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बसली. मी कठड्यावर जाऊन बसले. मोरू आला न्हाय.

मी हाक मारली, अरे ये, भाकरी हाय, सुकटीची चटणी हाय. केबिनमधनंच बोलला, भूक न्हाय वयनी.

मी बोलले, रागावलास काय? मस्करी केली रे. मला सवय हाय, तुला ठाऊक हाय.

बोलला, ठाऊक हाय.

येवढंच. अर्धा तास तो स्टेरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला, चालत्या गाडीत बसतात तसा. मी एकटी कठड्यावर. पाणी उतरलेलं, चिखलाचा वास, आन् खाली निवट्या मासळी उड्या मारत व्हती. एकटीला अर्धा तास जाम मोठा असतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मोरूनं कुणालला विचारलान, रविवारी किती वाजता येऊ? कुणालनं मोबाइलमधनं मान वर न करता सांगितलान, दहाला, पार्टी बघायला येणार हाय, गाडी धुऊन ठेवा.

मोरू बोलला, बरं.

मला जेवण गेलं न्हाय. रुचिकानं विचारलं, आत्या, बरं न्हाय का? मी बोलले, वालाची आमटी बिघडवलीस तू. नव्हती बिघडली.

रविवार, २२ फेब्रुवारी

सगळं नीट लिवते. हात अजून तेलकट हाय.

दहा वाजता अंगणात कुणाल, इद्रीस आन् मोरू. इद्रीसला मीच बोलावलेलं. कुणालची ती पार्टी रस्त्यात व्हती. मोरूनं गाडी येवढी धुतलेली की सोळा वर्षांत तिचा खरा रंग पहिल्यांदा दिसला.

मी स्वयंपाकघरातनं तेलाचा पंधरा लिटरचा नवीन डबा आणला. खिळा आन् हातोडी आणली. कुणाल बोलला, आई, आता काय वडे तळणार हायस?

मी डब्याला एका कोपऱ्यात एकच भोक पाडलं आन् कुणालच्या हातात डबा दिला. खाली टोप ठेवला. बोलले, ओत.

ओतलान. तेल गुडुक गुडुक करत आलं. थांबलं. परत गुडुक. परत थांबलं. डब्याचे पत्रे आत दबले, खटकन वाजले. मंग थेंब थेंब.

मी बोलले, कसा आवाज येतोय? नीट ऐक. इद्रीस, तू पण ऐक. हेच तुझं मिसिंग!

कुणाल बोलला, अगं, दुसरं भोक नको का पाडायला? हवा कुठनं जाणार आत?

त्याच्याच तोंडातनं निघालं. मी दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. धार लागली, सरळ, नळासारखी.

मी बोलले, हे रुचिकाला कळतं, मला कळतं, वडे तळणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. आता सांग, तू टाकीला जे झाकण घातलंस, त्याला दुसरं भोक कुठं हाय?

इद्रीसनं कपाळावर हात मारलान. पुरानावाला ढक्कन किधर है, बोलला. रुचिकानं शोधून आणलं. त्याला मोहरीएवढं भोक व्हतं. नव्याला सगळीकडनं रबर, मुंगी जाणार न्हाय. इंजन डिझेल ओढतं, टाकीत बाहेरनं हवा जात न्हाय, ओढून ओढून ती आवळत जाते, मंग थेंब येत न्हाय, मंग गाडी बसते. अर्धा तास उभी राह्यली की कुठनं तरी फटीतनं हवा झिरपते, परत चालू. जाताना राहनाळला आन् मानकोलीला आपण इंजन बंद करून वाढत बसतो, तवा दम खाऊन घ्यायची. येताना सलग पाऊण तास. म्हणून येताना! इद्रीस दहाच मिनिटं चालवायचा, म्हणून मक्खन.

मोरूनं जुनं झाकण लावलान. मानकोलीपर्यंत न थांबता गेलो, न थांबता आलो. मागं टोपांत इद्रीस बसलेला, त्याच्या शेजारी कुणाल, पँटीला तेल लागलेला. मोरीवरनं साठच्या स्पीडनं गेलो. नंतर उभी करून चालू ठेवली तर टपावरचा जार हलला पण न्हाय.

चोराला डांबायला गेला आन् गाडीचा गळा आवळून बसला, असं मी कुणालला चार वेळा ऐकवलं. पाचव्यांदा रुचिकानं ऐकवलं. कुणालनं पार्टीला फोन करून नको येऊ सांगितलान. मंग मोरूसमोर जाऊन बोलला, सॉरी काका, गैरसमज झाला.

मोरू बोलला, होतं.

इद्रीसनं विचारलं, भाभी, दिमाग में आया कैसे? मी सांगितलं, सकाळी डबा फोडताना सुचलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पळते. जाताना, येताना, उतारावर, चढावर. थडथड न्हाय, खोकला न्हाय. नवीन नवरीसारखी गुमान चालते, कंटाळा आला.

येताना मोरी जवळ आली तवा मी बोलले, थांबव जरा, भाकरी खायला काय हरकत हाय?

मोरूनं गाडी बाजूला घेतलान. इंजन चालूच ठेवलान. बोलला, शहापूरला सुकन्याच्या नवऱ्यानं टेम्पो घेतलाय, चालवायला माणूस पाह्यजे, पहिल्या तारखेपास्नं जातो.

मी बोलले, आता कशाला? आता तर सगळ्यांना कळलं, तू चोर न्हाय.

मंग बोलला. माझ्याकडं न बघता, पण एक एक शब्द नीट बोलला.

"चोर बोलले त्याचं न्हाय वयनी. कुणाल पोरगं हाय, बोललं. नऊ दिवस त्या घरातलं एक माणूस 'न्हाय' बोललं न्हाय, त्याचं."

मला काही तरी मस्करी सुचेल असं वाटलं.

गिअर टाकलान. घरी आलो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

रविवारी सुचलं हे खोटं. अकरा तारखेला मोरू हरभरा उपटायला शेतात गेला तवा मी बटव्यातनं किल्ली काढून झाकण उघडलं. टाकीनं येवढा मोठा श्वास ओढलान की मी मागं सरकले. तवाच सगळं कळलं. झाकण परत लावलं, कुलूप फिरवलं, आन् मोरू आला तवा बोलले, बस, अर्धा तास तरी लागेल. त्यानंतर रोज तेच. कुणाल त्याला चोर बोलला तवा पण मला ठाऊक व्हतं. मला तो अर्धा तास पाह्यजे व्हता.